चहाचं टेबल, बंद दार

(निळसर करड्या दगडी भिंतीवरून पाणी उतरतंय.)

लांबलचक भिंत आहे ही. पाण्याखाली कोरलेली अक्षरं दिसतात, तो स्त्रियांच्या हक्कांचा १८४८ सालचा जाहीरनामा. त्याखाली सह्या करणाऱ्या शंभर जणांची नावं. ६८ बायका, ३२ पुरुष. गाव सेनेका फॉल्स, राज्य न्यूयॉर्क.

(गोल टेबल, अगदी जवळून.)

पण गोष्ट सुरू झाली शेजारच्या वॉटर्लू गावात, चहाला. ९ जुलैला जेन हंट यांच्या घरी पाच बायका जमल्या. त्यांतल्या लुक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांची ओळख आठ वर्षांपूर्वीची, लंडनमधली. तिथल्या गुलामगिरीविरोधी जागतिक परिषदेत स्त्री-प्रतिनिधींना प्रवेशच नाकारला होता. कठड्यापलीकडे बसा आणि नुसतं ऐका, म्हणाले. तो राग आठ वर्षं मुरला होता. त्या बैठकीतच स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा ठरली आणि दोन दिवसांनी स्थानिक पेपरात नोटीससुद्धा आली.

हे टेबल मेरी अ‍ॅन मॅक्लिंटॉक यांच्या घरचं. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १६ जुलैच्या रविवारी जाहीरनाम्याचा मसुदा लिहायला बायका या टेबलाशी बसल्या. सभेला उरले तीन दिवस. आधी दारूबंदीवाल्यांचे, गुलामगिरीविरोधकांचे अहवाल चाळून झाले. सगळेच मिळमिळीत वाटले. मग अमेरिकेचा १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा हाती घेतला, आणि वाट सापडली. त्यात इंग्लंडच्या राजा जॉर्जवर आरोप आहेत ना, तिथे राजाऐवजी ‘पुरुष’ घालायचं! तिथे तक्रारी अठरा, तर इथेही अठराच हव्यात. पुस्तकं, चर्चचे नियम, रूढी असं सगळं धुंडाळणं सुरू झालं. तेव्हा तिथला एक तरुण म्हणाला, तक्रारी पुस्तकात शोधाव्या लागतात म्हणजे त्या फारच भयंकर असणार! चेष्टाच ती. पण लग्न झालेल्या बाईच्या मजुरीवर नवऱ्याचा हक्क, हे कायद्यानेच ठरलेलं होतं. मग शोधणार तरी कुठे?

(चॅपलचं दार. बाजूची खिडकी.)

१९ जुलै. सभा भरायची होती सेनेका फॉल्सच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये. सकाळी येऊन बघतात तर चॅपलला आतून अडसर. स्टँटनबाईंच्या भाच्याला उचलून खिडकीतून आत सोडलं, त्याने दार काढलं. पहिला दिवस फक्त बायकांचा असं जाहीर केलं होतं, तरी पुरुष आलेच. आलेल्यांना परत कोण पाठवणार? दोन दिवसांत सुमारे तीनशे माणसं जमली.

अडलं ते मताच्या हक्कापाशी. अकरा ठरावांपैकी हा एकच एकमताने झाला नाही. मॉटबाईंनासुद्धा तो अती वाटत होता. फ्रेडरिक डग्लस त्याच्या बाजूने बोलले आणि ठराव तरला. स्वतः गुलामीतून पळून आलेले डग्लस तेव्हा रोचेस्टरला वर्तमानपत्र चालवत होते. सभेचा अहवालही त्यांच्याच छापखान्यात छापला गेला.

मताचा हक्क राज्यघटनेत आला १९२० साली, १९व्या दुरुस्तीने. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय बायकांना मात्र १९६५पर्यंत थांबावं लागलं.

(इमारतीचे जुने फोटो, एकामागून एक.)

आता या इमारतीचं काय झालं ते बघा. गुलामगिरीच्या विरोधकांनी १८४३ साली बांधलेलं हे चॅपल १८७१मध्ये विकलं गेलं. मग ते नाटकगृह झालं, सिनेमा थिएटर झालं, मोटारींचं गॅरेज झालं. शेवटी लाँड्री. जिथे डग्लस बोलले तिथे कपडे धुण्याची यंत्रं फिरत होती. १९८५ साली राष्ट्रीय उद्यान खात्याने जागा घेतली तेव्हा मूळ बांधकामाचे थोडेच भाग शिल्लक होते. आज समोर दिसतं ते बरंचसं अलीकडचं काम.

पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली, तीही १८४८ सालीच. वाड्यात पुढे दुकानं आली, आणि स्मारकासाठी म्हणून डिसेंबर २०२३मध्ये वाडाच पाडला. सेनेका फॉल्सला जुन्या विटांना हात तरी लावता येतो.

(पुन्हा पाण्याची भिंत. आवाज फक्त पाण्याचा, मग निवेदन.)

जाहीरनाम्याचा सह्यांचा मूळ कागद हरवला. पुष्कळ शोधला, मिळाला नाही. डग्लस यांच्याकडे छापलेला अहवाल उरला होता, म्हणून या भिंतीवर कोरायला मजकूर मिळाला.