एक कढई, दोन साखरा

(दृश्य : बेळगावातली कुंदा या दुधाच्या मिठाईची भट्टी. मोठी कढई, सतत फिरणारं उलथनं.)

म्हशीचं दूध आटतंय. हात थांबला की खाली लागलंच म्हणून समजा. या दुधाच्या शंभर भागांत सुमारे 83 भाग पाणी. सजीवांच्या अंगात सगळ्यात जास्त असणारं संयुग तेच, आणि कुंदा करणाऱ्याचा सगळा घाम जातो तो तेच उडवण्यात!

पाणी गेल्यावर उरते चरबी, केसिन नावाचं प्रथिन, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, थोडे क्षार. म्हशीच्या काही पेशीही दुधात उतरलेल्या असतात, त्यांच्यात तिचा डीएनए. सजीव ज्यांवर उभे असतात ती संयुगांची सगळी मोठी घराणी इथे एका कढईत आली.

आता वरून साखर पडते. ही उसाची, चिकोडी-अथणीकडच्या शिवारातली. हिचं नाव सुक्रोज. गंमत बघा. लॅक्टोजच्या रेणूत कार्बनचे 12 अणू, हायड्रोजनचे 22, ऑक्सिजनचे 11. सुक्रोजमध्येही मोजून तेवढेच! सामान एकच, जोडणी निराळी : ग्लुकोजच्या जोडीला एकीत गॅलॅक्टोज, दुसरीत फ्रुक्टोज. तेवढ्यावर एक जिभेला फिकी लागते आणि दुसरी गोडमिट्ट.

(दृश्य : ऊसतोड. वाड्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या. गोठा.)

तोड सुरू झाली की उसाचे वाडे म्हशीपुढे पडतात. त्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच, हजारो रेणू ओवलेली माळ. म्हशीला ती तोडता येत नाही. तिच्या पोटातले जीवाणू तोडतात, त्यातून आम्लं होतात, त्यातल्या एकापासून तिचं यकृत पुन्हा ग्लुकोज घडवतं आणि कासेत त्याचं लॅक्टोज होतं. उसाने हवेतून ओढलेला कार्बन कढईत असा दोन वाटांनी पोचतो, एक कारखान्यातून, दुसरी गोठ्यातून.

केसिनला मात्र नायट्रोजन हवा. तो उसाला बऱ्याचदा युरियाच्या पोत्यातून मिळतो. मूत्रात असणारा हाच युरिया जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर यांनी 1828 साली प्रयोगशाळेत बनवला. तोवर असली द्रव्यं फक्त सजीवाच्या अंगातच घडतात, अशी पक्की समजूत होती. आपण त्याला नुसतं खत म्हणतो.

(दृश्य : कढईतला रंग पालटतो.)

पांढरं होतं ते बदामी झालं. केसिनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाशी लॅक्टोज जुळलं, पुढे एकातून एक नवी संयुगं निघत गेली, आणि खमंग वास सुटला. लुई कामी मेयार या फ्रेंच डॉक्टरांनी ही प्रक्रिया 1912 मध्ये मांडली. सुक्रोज शाबूत असेपर्यंत या खेळात उतरत नाही, ते आपलं गोडी देत बसतं.

भट्टीवरचे मामा थर्मामीटर लावत नाहीत. रवाळ झालेला गोळा उलथन्यावर घेतात, नाकाशी नेतात.

"झालं की ओ, उतरा."