24 एचपीचा छोटा ट्रॅक्टर, रोटर किती फुटी?

(दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबागेच्या ओळीत छोटा ट्रॅक्टर, मागच्या चाकांवर टेप.)

टेप आधी टायरला लावायची, रोटरला (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) नंतर. डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत 42 इंच. रोटर निदान एवढा तरी हवाच, नाहीतर चाकाने दाबलेली माती तशीच मागे राहते. दोन्हीकडे तीन-तीन इंच जास्त धरले की 48. म्हणजे चार फुटी.

मग पाच फुटी का नको? बॉनेटवरचे 24 एचपी इंजिनाचे. रोटर फिरवतो पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, आणि तिथवर पोचतात साधारण 20-21. रोटरच्या दर फुटाला पीटीओचे 5 एचपी, असा ढोबळ हिशेब. चार फुटाला 20 लागतात, पाचाला 25, ते इथे नाहीतच. काळ्या जमिनीत तर चार फुटीसुद्धा वाफशावरच (माती ना ओली ना कोरडी असताना), खालच्या गिअरमध्ये, चार-पाच इंच खोल.

(दृश्य: बोदाची कड, हाताने बाजूला केलेली माती.)

ओळींमधलं अंतर 9 फूट. दोन्हीकडचे बोद (वेलींखालचे मातीचे उंचवटे) सोडले की मोकळी जागा सहाएक फूट. पाच फुटी एका फेरीत काम उरकेल, हा मोह इथेच होतो. ट्रॅक्टर जरा तिरका झाला की पाती बोदात घुसतात. ही पांढरी मुळी बघा, मातीखाली जेमतेम चार बोटं. चार फुटीला दोन फेऱ्या लागतात, डिझेल थोडं जास्त जातं. जाऊ द्या.

(दृश्य: पिना, व्हर्निअर.)

रोटर ट्रॅक्टरला जोडताना पिना मोजा. छोट्या ट्रॅक्टरला कॅटेगरी 1 या मापाची जोडणी: खालच्या पिना 22 मिमी, टॉप लिंकची (वरच्या दांड्याची) 19. मोठ्या ट्रॅक्टरवरून उतरवलेल्या जुन्या रोटरला बहुधा 28 आणि 25च्या असतात. स्वस्तात मिळाला म्हणून असा रोटर आणून बुश ठोकत बसू नये. तो मुळात वजनालाच या ट्रॅक्टरचा नाही.

(दृश्य: शाफ्ट, जवळून. हॅकसॉ.)

आता शाफ्ट, म्हणजे पीटीओ आणि रोटर जोडणारा दांडा. नवा शाफ्ट बहुतेक वेळा लांबच येतो. रोटर जोडा, पीटीओ बंद ठेवून लिफ्ट सावकाश वर-खाली करा आणि दोन्ही टोकं सर्वांत जवळ कुठे येतात ते पकडा. शाफ्टचे दोन भाग शेजारी धरून तिथे खूण करा. पूर्ण दाबल्यावरही आत इंचभर जागा राहिली पाहिजे, आणि सर्वांत लांब ताणल्यावर नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश अडकलेल्या हव्यात. जेवढी आतली नळी कापाल तेवढीच बाहेरची, आणि प्लॅस्टिकचा गार्डही तेवढाच. कड कानसेने घासा, ग्रीस लावा. जोडताना दोन्ही टोकांचे चिमटे (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत. ते फिरले की शाफ्ट धडधडतो आणि क्रॉस जातो. न कापलेला शाफ्ट लिफ्ट उचलताना पीटीओच्या बेअरिंगवर ठोसा मारतो. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मुद्दाम तुटणारा) तुटला तर तसलाच नवा घाला, कडक बोल्ट नको.

(दृश्य: वजनकाटा. ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं काट्यावर.)

ब्लोअरचा (पंख्याने औषध फवारणारं यंत्र) हिशेब वेगळा, तो वजनाचा. 400 लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच 400 किलो. कंपनी सांगते ती लिफ्टची ताकद बहुधा लिंकच्या टोकाशी मोजलेली असते. टाकीचं वजन पडतं त्याच्या दोनेक फूट मागे. हा ट्रॅक्टर 850 किलोचा. भरलेली टाकी उचलल्यावर पुढच्या चाकांवर त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे 170 किलो, उरायला हवा. काट्यावरचा आकडा उतरताना बघा. चाकं आता टेकलेली दिसतात, पण स्टिअरिंग हलकं झालंय. एवढी मोठी टाकी हवी असेल तर आपल्या चाकांवर चालणारा, ओढायचा ब्लोअर घ्यावा. उचलायचाच असेल तर 200 लिटर, आणि पुढे वजनं लावून पुन्हा काट्यावर.

चढावर चाकं उचलून ट्रॅक्टर उलटतात, गार्ड नसलेल्या शाफ्टमध्ये कपडे गुंततात, माणसं जातात.

(दृश्य: रोटर जमिनीत, मागे भुसभुशीत माती.)

आरपीएमचा काटा पीटीओच्या 540 फेऱ्यांच्या खुणेवर टिकून आहे, धूर काळा नाही. दोन ओळी झाल्या की इंजिन बंद करून पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळायचे. नव्या रोटरचे पहिल्याच तासात सैल होतात.