ऑर्क नाहीत, मार्तू आहेत

(बादलीत भिजवलेली माती, ती मळणारे दोन हात)

ही शाडू गणपतीची उरलेली. घरी मूर्ती केली होती तेव्हा पाच किलोची पिशवी आणलेली, अर्धी तशीच पडून होती, ती भिजवून आम्ही आमच्या खेळासाठी टॅब्लेट बनवतोय. टॅब्लेट म्हणजे मोबाईलचा मोठा भाऊ नव्हे, मातीची पाटी, तळहातात मावेल एवढी. आजच्या इराकमधे, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, चार हजार वर्षांपूर्वी हिशोब, पत्रं, पोरांचा गृहपाठ, सगळं ह्याच्यावरच व्हायचं. लिहायला बोरूच्या जागी आइस्क्रीमची काडी. कोपरा नुसता दाबायचा की पाचर उमटते, ओढायचा नाही, ओढलं की माती फाटते. पहिल्या दहा पाट्या आम्ही ओढूनच वाया घालवल्या.

(हॉलमधलं टेबल, वरून)

आणि हे आमचं टेबल, डोंबिवलीतल्या हॉलमधलं. पाच जण बसलेत, मागे पंखा फिरतोय, त्याचा आवाज ऑडिओमधे येतो त्याला इलाज नाही. हा रोलप्लेइंग गेम आहे. एक जण डीएम, तो गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत काय करायचं ते ठरवतात, आणि जिथे काहीही होऊ शकतं तिथे फासे टाकायचे. १९७४ मधे अमेरिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला तिथून हे सुरू झालं. आमची डीएम म्हणजे माझी ताई.

मधोमध आहे तो निळसर नकाशा १९७९ सालच्या एका अ‍ॅडव्हेंचरचा, म्हणजे खेळायला तयार छापलेल्या गोष्टीचा, द कीप ऑन द बॉर्डरलँड्स, लेखक गॅरी गायगॅक्स, म्हणजे ज्यांनी हा खेळ काढला त्या दोघांतला एक. सरहद्दीवर एक किल्ला, तिथून थोड्या अंतरावर घळ, घळीच्या दोन्ही अंगांना गुहा, आणि गुहेगणिक वेगळी टोळी. कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क, नोल, सगळे ह्या खेळातले राक्षस. शिरा, मारा, खजिना उचला, किल्ल्यावर येऊन बरे व्हा, परत जा. पिढ्यान्‌पिढ्या लोक ह्याच्यावर खेळ शिकलेत आणि मजा येते हे मी नाकारत नाही.

पण दोन गोष्टी ताईच्या डोक्यातून जाईनात. किल्ल्यातल्या एकाही माणसाला नाव नाही, नुसता किल्लेदार, नुसता सोनार, नुसता पुजारी. आणि गुहांमधे मात्र बायका किती, पोरं किती ते मोजून लिहिलंय. ती म्हणाली, "पोरं मोजलीयेत आणि नाव कुणालाच नाही, हे मी असंच्या असं चालवणार नाही." तेव्हा हे सगळं उचलून मेसोपोटेमियात न्यायचं ठरलं.

(पुठ्ठा आणि थर्माकोलचं मॉडेल, फिरतं)

पहिल्यांदा आम्ही सगळे करतात तेच केलं, नावं बदलली. किल्ल्याला झिग्गुरात म्हणायचं, म्हणजे तिथला टप्प्याटप्प्यांचा देवळाचा मनोरा, ड्रॅगनला तिआमात, सोन्याच्या नाण्याला शेकेल, झालं मेसोपोटेमिया. हे मॉडेल त्या वेळचं आहे, दोन रविवार गेलेत ह्यात. आत तीन मजले, चोरदरवाजे, जिने, बोळ. आणि मग वाचायला घेतलं तर कळलं की झिग्गुरात पोकळच नसतो! उर शहरातला झिग्गुरात ऊर-नम्मू राजाने इ.स.पू. २१०० च्या सुमारास बांधायला घेतला, तळ साधारण ६४ बाय ४५ मीटर, आत कच्च्या विटांचा भरीव डोंगर, बाहेरून भाजक्या विटा डांबरात बसवलेल्या. शिरणार कुठे? मॉडेल आता टीव्हीच्या वर आहे, दिसायला छान दिसतं.

तिआमातचंही तेच. ह्या खेळात ती पाच तोंडांची ड्रॅगन, पण बॅबिलोनी काव्यात ती खाऱ्या पाण्याचा समुद्र, जिला मार्दुक देव मधोमध चिरतो आणि एका अर्ध्याचं आभाळ करतो. तिला हिट पॉइंट, म्हणजे मरेपर्यंत किती मार सोसेल त्याचा आकडा, किती द्यायचे?

(सोल्डरची तार, वजनकाटा, कटर. क्लोजअप)

हा शॉट माझा आवडता. नाणी नाहीतच त्या जगात, ती यायला अजून दीड हजार वर्षं आहेत. चांदी असायची, तीही वजनावर. तारेचं वेटोळं हातात घालायचं, लागेल तेवढा तुकडा तोडून द्यायचा. आम्ही सोल्डरची तार घेतली. एक शेकेल म्हणजे ८ ग्रॅमच्या किंचित वर, साठ शेकेलचा एक मिना, साठ मिनांचा एक टॅलेंट, सगळं साठात. पुरुष मजुराला महिन्याला ६० सिला जव मिळायचे, सिला म्हणजे जवळपास एक लिटर, बाईला बहुतेक ३०. आणि एका शेकेलला ३०० सिला हा त्या काळचा नेहमीचा भाव. म्हणजे हा जो इवलासा तुकडा काट्यावर पडला ना, तो एका माणसाचे पाच महिन्यांचे जव. मूळ अ‍ॅडव्हेंचरमधे खजिना शेकड्यांनी, हजारांनी मोजतात. आमच्याकडे चौथ्या सेशनला पोरांना तीन शेकेल सापडले आणि वाटणीवरून पाऊण तास भांडण झालं. सगळं शूट झालंय, शेवटी टाकतो.

(फासा, हातातून टेबलावर)

हा चार कोपऱ्यांचा फासा खेळणाऱ्यांना ओळखीचा, चुकून पाय पडला की कायमचा लक्षात राहतो. १९२० च्या दशकात लिओनार्ड वूलीने उरची राजदफनभूमी खणली तेव्हा खेळाचे पट मिळाले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, त्यातला सगळ्यात देखणा ब्रिटिश म्युझियममधे आहे. त्या खेळाचेही फासे असेच चार टोकांचे, दोन टोकांवर खूण, दोन कोरी. खूण वर आली की दान. त्याचे नियम इ.स.पू. १७७ मधल्या एका बॅबिलोनी पाटीवर होते, ते आयर्विंग फिंकेल नावाच्या अभ्यासकाने वाचून काढले. आणि तसाच खेळ कोचीचे ज्यू अगदी विसाव्या शतकापर्यंत खेळत होते. आमच्या घरच्या नियमात आता वीस बाजूंचा फासा बंद, हेच चार टाकायचे.

(खडूवर सेफ्टी पिनने कोरकाम, मग ओल्या मातीवर तो खडू फिरवताना)

प्रत्येकाचा शिक्का. दंडगोल, मातीवर फिरवला की चित्राची पट्टी उमटते. ओळखपत्र म्हणा, सही म्हणा. अक्कदच्या साम्राज्याच्या काळातला एक शिक्का पॅरिसला लूव्रमधे आहे, शू-इलिशू नावाच्या माणसाचा, त्यावर त्याचा हुद्दा लिहिलाय, मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी. मेलुह्हा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपला सिंधूकाठ. हे ऐकल्यावर दुभाष्याचं पात्र कोणी घ्यायचं ह्यावरून पुन्हा भांडण, ते मात्र शूट नाही झालं.

(मातीची लांब भिंत, टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत)

आता मूळ मुद्दा. सरहद्दीवरचा किल्ला कुठे ठेवायचा? तर तशी सरहद्द खरंच होती. उरचा राजा शू-सिन, त्याच्या चौथ्या वर्षाचं नावच "मार्तूंना अडवणारी भिंत बांधली ते वर्ष" असं आहे, इ.स.पू. २०३५ च्या आसपास. भिंतीचं नाव मुरिक-तिद्निम, तिद्नुमना लांब ठेवणारी. मार्तू म्हणजे अमोराइट, पश्चिमेकडून येणारे मेंढपाळ लोक, तिद्नुम त्यांच्यातलेच. बांधकामावरचा अधिकारी शर्रुम-बानी, त्याची राजाला लिहिलेली तक्रार आहे, की माणसं पुरत नाहीत, बांधायचं पण मीच आणि लढायचं पण मीच. भिंतीची लांबी सांगतो २६ दन्ना, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. राजाचं उलट उत्तर आहे, तेही चिडून. कुठल्याही साइट इंजिनिअरला ही पत्रं कालचीच वाटतील. आपल्यापर्यंत ती आली ती नंतरच्या शाळकरी पोरांनी सरावाला उतरवलेल्या पाट्यांतून.

भिंत जमिनीवर कुठे होती ते आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही, म्हणून तिचा फोटो नाही, म्हणून ही शाडूची. त्या पत्रात एबिह डोंगराचा उल्लेख येतो, आजचा जेबेल हमरीन. ताईने घळ तिथे ठेवली.

आणि गुहेतले? सोपं होतं, ऑर्क खोडा आणि मार्तू लिहा. कारण सुमेरी लोकांनी, म्हणजे भिंतीच्या अलीकडच्यांनी, मार्तूंबद्दल लिहिलंय ते अगदी ऑर्कच्या पानासारखं आहे. तंबूत राहतो, कच्चं मांस खातो, गुडघा टेकत नाही, जिवंतपणी घर नाही आणि मेल्यावर मूठमाती नाही. ताईने ही पाटी पहिल्याच सेशनला वाचून दाखवली, किल्ल्यावरचं सरकारी पत्रक म्हणून, आणि सगळे तलवारी काढून तयार.

(ताईचा चेहरा, पाटी उलटी करताना)

तिने पाटीची मागची बाजू दाखवली नव्हती. ती वाक्यं एका लग्नाच्या गोष्टीतली आहेत. मार्तू एका शहरातल्या मुलीला मागणी घालतो आणि तिची मैत्रीण तिला हे सगळं ऐकवते, असला नवरा करणार का तू? मुलगी एका ओळीत उत्तर देते, मी मार्तूशीच लग्न करणार.

इथे टेबलावर कोणी काहीच बोलत नाही ते मी कापलेलं नाही.

त्यानंतर ताईने किल्ल्यातला बाजार उघडला. निप्पूरजवळ पुझरिश-दागान म्हणून सरकारी जनावरांचं केंद्र होतं, तिथल्या हजारो पाट्या सापडल्यात, आणि त्यात मार्तू आहेत, मेंढ्या आणणारे, मेंढ्या घेणारे, चक्क नावानिशी. मग आमच्याही किल्ल्यात मार्तू आले. घळीतल्या टोळ्यांना आता चुलते आहेत, उधारी आहे, पाण्यावरून जुनी भांडणं आहेत. पोरं अजून मोजलेली आहेत, फक्त आता त्यांना नावं आहेत, आणि ती किल्ल्यातल्या माणसांनाही आहेत.

(एका मडक्यात पाच स्ट्रॉ, सगळे वाकून पितायत)

हे ताक आहे. ते लोक बिअर अशीच प्यायचे, एक मडकं, लांब नळ्या. कलालीणबाई आमच्याकडे बातम्या पुरवते.

(जमिनीत खोचलेली नळी, त्यात पाणी ओतताना. गॅलरीतली कुंडी आहे, डोंगर समजा)

मूळ अ‍ॅडव्हेंचरमधे एका गुहेत हाडांचे सापळे आणि झोंबी आहेत. मेसोपोटेमियात मेलेला त्रास देतो तो भुकेला असतो म्हणून. घरच्यांनी अन्नपाणी द्यायचं असतं, जमिनीत नळी घालून पाणी सोडायचं, नाही दिलं तर ते भटकतात. पितृपक्षात पान वाढलेल्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून भुतावर तलवार चालत नाही हा नियम. त्याचं नाव शोधा, जेवू घाला. एकाने विचारलं एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, किती, ताई म्हणाली आधी जेवण तर वाढ.

(पितळी ताट, त्यात एकेक चिठ्ठी पडते. पूर्ण क्रम, न कापता)

आणि हे सात दरवाजे. गुहेच्या टोकाला मूळ नकाशात दुष्ट देवाचं देऊळ आहे, तिथे आम्ही पाताळाची वाट ठेवली, सुमेरी देवी इनान्नाच्या गोष्टीतली. ती खाली जाते तेव्हा सात दारं लागतात, प्रत्येक दारात तिच्याकडून एक वस्तू काढून घेतात. डोक्यावरचा मुकुट, गळ्यातले लाजवर्दी मणी, हातातलं सोन्याचं कडं, आणि दर वेळी ती विचारते हे काय, दर वेळी उत्तर मिळतं गप्प राहा, इथला रिवाज असाच आहे. शेवटी अंगावरचं वस्त्र. आमच्या खेळात दारागणिक कॅरॅक्टर शीटवरची, म्हणजे आपल्या पात्राच्या कागदावरची, एक गोष्ट ताटात टाकायची. पहिल्या दारात सगळे हुशारी करतात, दोरखंड टाकतात, मशाल टाकतात. तिसऱ्यापासून हत्यारं. पाचव्याला एकीने तिचा मंत्र टाकला. आता ह्या हाताकडे बघा, चिठ्ठी धरलेला, सुटत नाहीये. त्यावर शिक्का आहे त्याचा. तो टाकला की तो कोण हे कुणाला पटवून देता येणार नाही.

मेलेल्याला उठवायचा मंत्र आमच्याकडे नाही. इनान्ना वर येते ती बदली माणूस देऊन. तेवढाच नियम.

शेवटच्या सेशनला बॅटरी संपली. दुभाषी गेला, त्याच्या जागी कोणी खाली राहायचं ते ठरलं, भिंत अर्धी राहिली. खऱ्या भिंतीनंतर तीसेक वर्षांनी उर पडलं, तेही पूर्वेकडून आलेल्या एलामच्या हातून, आणि पुढे बॅबिलोनच्या गादीवर हम्मुराबी आला तो अमोराइट घराण्यातला.

(पाट्या बादलीत, पाणी)

तेव्हाच्या शाळांतही पाट्या अशाच भिजवून माती परत वापरायचे. सगळ्या घातल्या, एक सोडून. ती ताईने बाजूला काढलीय, मेंढ्यांच्या हिशोबाची, खाली दोन शिक्के शेजारी शेजारी, एक मार्तू सरदाराचा, एक आपल्या दुभाष्याचा. वाळताना उजव्या कोपऱ्यात तडा गेलाय. फेविकॉल लावू नको म्हणते.