कोयनेकाठच्या वाड्यांवर जाताना

मंडळी, सप्टेंबर उजाडला की साताऱ्याहून कासकडे गाड्यांची रांग लागते. त्यातल्या थोड्याच पुढे बामणोलीला उतरतात, आणि तिथं उतरलेल्यांनाही बहुधा वासोटा किल्लाच गाठायचा असतो. वाटेवरची गावं खिडकीतून दिसतील तेवढीच. माझं मागणं एवढंच आहे की एकदा या गावांसाठी म्हणून जा.

जमलं तर मुक्कामी एसटीनं जा. बाजार करून परतणाऱ्या बायका आणि शाळा सुटलेली पोरं गाडीत असतात. उतरेपर्यंत निम्म्या गाडीला तुमची ओळख झालेली असते. ‘पाव्हणं, कुणाकडं आलाय?’ असं कुणी विचारलं तर अवघडू नका. त्या विचारण्यात तुमच्या रात्रीच्या भाकरीची काळजी असते.

या गावांकडे बघताना धरण विसरून चालत नाही. आज कोयना धरणाच्या ज्या शिवसागर जलाशयातून आपण लाँचनं हिंडतो, त्याच्या तळाशी खाचरं आहेत, देवळं आहेत, अख्खी गावठाणं आहेत. कोयना अडवली तेव्हा कित्येक कुटुंबं सांगली, सोलापूर, रायगडपर्यंत पांगली. काही मात्र डोंगर चढून वर आली आणि काठालाच राहिली. उन्हाळ्यात पाणी हटलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात. एखादे आजोबा हात करून सांगतात, तो आमचा वाडा, ती विहीर. त्या वेळी फोटोची घाई करू नये, त्यांना बोलू द्यावं. या पाण्यावर राज्यभर दिवे लागले, पण काठावरच्या वाड्यांना वीज फार उशिरा मिळाली. मला हे आजही खुपतं. त्यात 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप याच खोऱ्यानं सोसला.

जुनं घर दिसलं तर भिंतीजवळ जाऊन बघा. कारवीच्या काठ्या एकीला एक लावून बांधलेल्या, वर शेणमातीचा गिलावा. जिथं गिलावा निखळलाय तिथं काठ्यांची वीण दिसते. पावसाळ्याआधी झड येणाऱ्या बाजूला गवताच्या पेंढ्यांचा आडोसा बांधतात. वर माळ्यावर नाचणी, खाली चुलीचा धूर. त्या धुरानं लाकूडही टिकतं आणि धान्यालाही कीड लागत नाही. शेजारच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे ध्यानात घेतलं की या भिंतीमागची अक्कल कळते.

उन्हाळ्याच्या अखेरीस गेलात तर उतारावर जमिनीचे काळे तुकडे दिसतील. प्रत्येक वेळी त्याला वणवा समजू नका. अनेकदा तो राब असतो. पालापाचोळा, शेण, गवत पसरून जमीन भाजतात, मग तिथं नाचणीचा, भाताचा तरवा टाकतात. पाऊस लागला की रोपं उपटून लावायची. वणवा हा वेगळा प्रकार आणि तो वाईटच. आपल्या विडीकाडीनं तो लागणार नाही एवढं आपण बघावं.

आता माणसांविषयी. तुम्हाला म्हातारी माणसं जास्त दिसतील आणि वाटेल, गाव ओस पडलं. तसं नाही. जावळी-पाटणच्या कित्येक घरांतला कर्ता माणूस मुंबईत आहे. मशीद बंदरच्या, वाशीच्या बाजारात पाठीवर ओझी वाहणारे माथाडी याच डोंगरांतून गेले. त्यांना एकत्र आणणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. जत्रेला हीच माणसं परत येतात, पालखीला खांदा देतात, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी तिथंच बसून ठरते. गाव भरलेलं बघायचं तर जत्रेला जा.

कोयना अभयारण्य 1985 चं. 2010 पासून ते आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यामुळे जंगलात शिरताना वनखात्याची परवानगी लागते, ती घ्याच. आतल्या काही गावांना आणखी एकदा उठावं लागलं. ज्यांच्या आज्यानं धरणासाठी जमीन सोडली, त्यांच्या नातवाला वाघासाठी सोडावी लागते. वाघ हवा, मीही त्याच मताचा आहे. पण पुनर्वसनाची जमीन, पाणी, रस्ता आधी हातात पडला पाहिजे, हे म्हणायला आपण साताऱ्यातल्या लोकांनी कचरू नये.

या सभागृहात त्या खोऱ्यातली काही घराणी बसली आहेत. तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर या दिवाळीत वही घेऊन जवळ बसा. पाण्याखालच्या शेतांची, पाणंदींची, ओढ्यांची नावं विचारा आणि लिहून काढा. ती सगळी नावं सातबाऱ्यावर सापडणार नाहीत.