एक पट्टी खाली

श्रोतेहो, नमस्कार.

स्वतःची गाणी करणाऱ्या कुठल्याही रॉक बँडला विचारा, तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे? लगेच नावं येतात. ब्लॅक सॅबथ, लेड झेपेलिन, जिमी हेन्ड्रिक्स, मेटॅलिका, आणि आपल्याकडचा, १९९० साली दिल्लीत सुरू झालेला इंडियन ओशन. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीत गाणी बसवणारी मुलंमुलीही हीच नावं घेतात. पण त्यांच्या कानावर लहानपणापासून आणखी बरंच पडलेलं असतं. लग्नानंतर घरी घातलेला गोंधळ, एकादशीचं भजन, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली, जयंतीच्या मिरवणुकीतली हलगी. मुलाखतीत यातलं काहीच सांगितलं जात नाही. आणि कधी वापरायचं ठरलंच, तर ढोबळ वापरलं जातं: डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम फाटका, खरखरीत केलेल्या आवाजाच्या गिटारीवर मध्येच दहा सेकंद संबळ वाजतो आणि पुन्हा गिटार सुरू. ऐकणाऱ्याला दोन गाणी एकमेकांवर आदळल्यासारखी वाटतात.

आमचं म्हणणं एवढंच की आवड अख्खी उचलता येत नाही, सुटी सुटी करून घ्यावी लागते. पट्टी कुठली, लय कितीची, कुठल्या वाद्याला कुठली जागा. हे सुटं केलं की सॅबथ आणि भजनी मंडळ एका गाण्यात नांदू शकतात.

पट्टीपासून सुरुवात करू. आपले गाणारे काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच अशा, हार्मोनियमच्या सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून मोजलेल्या पट्ट्यांत गातात. गिटारच्या सहा सुट्या तारा मात्र नेहमीच्या जुळणीत पांढऱ्या पट्ट्यांवर असतात: सर्वांत जाड तार पांढरी तीन, मग पांढरी सहा, दोन, पाच, सात, आणि शेवटची बारीक तार पुन्हा पांढरी तीन. त्यामुळे गायकानं काळी एक धरली की गिटारवाल्याला एकही सुटी तार षड्जाला, म्हणजे सा ला, मिळत नाही. सगळं बोटांनी दाबून वाजवायचं, मागे घुमणारा आधार नाही. मग गायकाला सांगतात, 'जरा वर गा', आणि दुसऱ्याच अंतऱ्यात त्याचा गळा बसतो.

उपाय सोपा आहे. सहाही तारा एकेक पट्टी, म्हणजे हार्मोनियमवरच्या लगतच्या पट्टीइतक्या, खाली उतरवा. आता जाड तारेपासून क्रमानं काय मिळतं बघा: काळी दोन, काळी चार, काळी एक, काळी तीन, काळी पाच, आणि शेवटी पुन्हा काळी दोन. पाचही काळ्या पट्ट्या सुट्या तारांवर! घरी हार्मोनियम असेल तर हे बोलणं ऐकता ऐकता दाबून पाहा. हेन्ड्रिक्सची गिटार बहुतेक वेळा अशीच एक पट्टी उतरवलेली असे. म्हणजे यात रॉकची काही मोडतोड होत नाही, उलट ही त्याचीच जुनी सवय आहे. सुट्या तारेचा षड्ज मिळाला की गिटार गोंधळातल्या तुणतुण्याचं काम करू लागते: खाली एकच सूर चालू, वर चाल फिरते.

आणखी जड आवाज हवा असेल तर तीन पट्ट्या उतरा, म्हणजे सर्वांत जाड तारच काळी एक होते. ब्लॅक सॅबथनं १९७१ च्या अल्बममधल्या काही गाण्यांत नेमकं हेच केलं. त्यांच्या गिटारवादकाची, टोनी आयोमीची, तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात तुटली होती. ताण कमी झाल्यावर तार दाबायला सोपी जाते. पण नेहमीच्या ९ नंबरच्या, म्हणजे बारीक तारांच्या सेटवर हे करू नका (आकडा मोठा तशी तार जाड). तारा लोळतात, पडद्यांना घासून खरखर करतात, आणि जोरात छेडलं की सूर आधी वर चढून मग खाली बसतो. एका पट्टीसाठी १० चा सेट पुरतो. तीन पट्ट्यांसाठी ११ किंवा १२ चा घ्या. जाड तारा चढवल्यावर मानेतला लोखंडी रॉड आवळावा किंवा ढिला करावा लागू शकतो. तो एका वेळी पाव फेराच फिरवायचा, मग तारा पुन्हा जुळवून बघायच्या.

हार्मोनियम साथीला असेल तर सगळ्यांनी तिच्याशी जुळवायचं, कारण तिला जागेवर जुळवता येत नाही. मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा आणि फोनमधला ट्यूनर बघा. ४४० हर्ट्झ दिसायला हवेत. जुनी पेटी त्याच्या थोडी वर किंवा खाली असू शकते. ट्यूनरचा आधारसूर बदलून त्या आकड्यावर ठेवा आणि मग गिटार, बेस गिटार, तुणतुणं लावा.

आता गिटारचा पॉवर कॉर्ड. यात षड्ज आणि पंचम, एवढेच दोन सूर. गंधार मुद्दाम टाळतात, कारण डिस्टॉर्शनमध्ये गंधार मिसळला की आवाज गढूळ होतो, घरघर ऐकू येते. षड्ज-पंचम मात्र डिस्टॉर्शनमधून एकजीव होऊन बाहेर पडतो आणि खालच्या षड्जाचा भासही देतो. तानपुऱ्याची जोडी हीच. म्हणून पॉवर कॉर्ड आपल्या कानाला परका वाटत नाही.

पण इथेच एक खड्डा आहे. रॉकचा सोलो बहुतेक वेळा ज्या पाच सुरांत फिरतो, ते धानी रागाचे सूर: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आता या पाचही सुरांवर पॉवर कॉर्ड धरून बघा. सा वर ठीक, ग वर ठीक, म वर ठीक, नी वर ठीक. पंचमावर धरला की रिषभ घुसतो, जो रागात नाहीच. भूपात हाच प्रश्न गंधारावर येतो, तिथे शुद्ध निषाद घुसतो. दुर्गात धैवतावर. आणि मालकंसात तर थेट षड्जावरच, कारण मालकंसाला पंचमच नाही! मालकंसाच्या अंगाची चाल घेऊन खाली बिनधास्त षड्ज-पंचम बडवला की जाणकार श्रोता अस्वस्थ होतो, आणि बँडला कळत नाही बिघडलं काय. तिथे षड्जासोबत मध्यम धरा. मालकंस गाताना तानपुराही मध्यमातच लावतात. हे चार राग एकमेकांच्या मूर्च्छना आहेत, म्हणजे त्याच पाच सुरांत षड्ज वेगवेगळ्या सुरावर धरला की हे राग मिळतात, म्हणून प्रत्येकात अडणारी जागा एकच. ती एक पाठ केली की काम भागलं.

लय. गोंधळाची चाल बहुतेक वेळा सहाच्या अंगानं जाते. जोर एकवर आणि चारवर. दोन आणि पाच हलके, जवळजवळ गिळलेले. तीन आणि सहा पुढच्या मात्रेला ढकलतात. त्या ढकलण्यातच अंगात येणारी ती ओढ आहे. ड्रमर इथे दोन पद्धतींनी चुकतो. एक तर सहा मात्रा चारात कोंबतो आणि ओढ मरते. किंवा एकवर किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आणि दोन-तीनवर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) मारतो. मग गोंधळाचा वॉल्ट्झ, म्हणजे तीनच्या लयीतला पाश्चात्त्य नाच, होतो. किक एकवर आणि सहावर ठेवा, स्नेअर फक्त चारवर, हायहॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) सहाही मात्रांवर, पण दोन आणि पाच अगदी हळू. गिटारनं प्रत्येक मात्रेवर घासाघीस करू नये. एकवर कॉर्ड मारून तो घुमू द्यावा.

हे अवघड वाटत असेल तर संथ ब्लूज आठवा. तो बारा-आठमध्ये असतो, तीन-तीनचे चार गट. गोंधळाची दोन आवर्तनं म्हणजे त्याचा एक बार, म्हणजे एक आवर्तन. ज्या गिटारवाल्याच्या हातात ब्लूज आहे, त्याच्या हातात ही लय आधीपासूनच आहे. फक्त वेग वाढवायचा.

कव्वालीचा प्रश्न वेगळा. ढोलक आणि टाळ्या आठ मात्रांत चालतात, हाताला सहज बसतात. पण कव्वाली जागच्या जागी थांबत नाही, चढत जाते. बँड रेकॉर्डिंगला बसतो तेव्हा कानात एकाच वेगाचा क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टकटक, लावतो आणि शेवटापर्यंत तो तसाच. गाणं चढतच नाही. क्लिकचाच नकाशा आखून घ्या: मुखडा मिनिटाला ९६ ठोक्यांवर सुरू केला तर प्रत्येक अंतऱ्याला दोन-तीन ठोके वाढवत शेवट ११० च्या आसपास न्या. ऐकणाऱ्याला वाढ कळत नाही, पण पाय हलू लागतात.

आता जागा. संबळाचा चढा, कडक आवाज आणि स्नेअर एकाच जागी भांडतात, आणि डिस्टॉर्शनची चरचर, म्हणजे साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग, त्या भांडणात तिसरी. संबळ वाजत असताना स्नेअरच्या खालच्या तारा काढून टाका किंवा नुसत्या कडेवर काठी मारा. गिटारचा गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, कमी करा, त्या भागात तीन डेसिबल उतरवा. नुसता संबळाचा माइक वाढवत गेलात तर शिट्टी सुरू होईल, दुसरं काही नाही. हलगीला आग दाखवून कातडं ताणायची सोय मंचाच्या मागे हवी. पावसाळी हवेत ती अर्ध्या तासात सैल पडते. बेसवाल्यासाठी एकच सूचना: आपल्याकडच्या कार्यक्रमांतले बारा इंची बॉक्स ५० हर्ट्झच्या खाली फारसं ऐकवत नाहीत, आणि एक पट्टी उतरवलेली बेसची जाड तार ३९ च्या आसपास आहे. ती चाल वरच्या सप्तकात वाजवा, नाहीतर मैदानात बेस गायब असतो. इंडियन ओशनच्या गाण्यांत बेस नीट ऐका. तो नुसता आधार देत नाही, चालही सांगतो, आणि ती चाल ऐकू येईल अशा उंचीवर असते.

शेवटी हिशेबाचा मुद्दा, आणि तो आम्हाला सुरांइतकाच महत्त्वाचा वाटतो. पारंपरिक चाल कुणा एकाच्या मालकीची नसते. पण एखाद्या गोंधळ्यानं किंवा हलगीवाल्यानं वाजवलेलं फोनवर टिपून गाण्यात चिकटवणं ही वेगळी गोष्ट. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३८ नुसार सादर करणाऱ्याचा त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. म्हणून टिपण्याआधी विचारा, लेखी संमती घ्या, वाचून दाखवा. मानधन तालमीच्या दिवसांचंही द्या, कारण त्या दिवसाची त्यांची सुपारी बुडते. आणि गाणं ऑनलाइन चढवताना वितरकाच्या फॉर्ममध्ये कलाकारांचा रकाना असतो, तिथे गिटारवाल्याच्या शेजारी संबळवाल्याचं पूर्ण नाव लिहा, वाद्यासकट. 'लोकवाद्य' एवढंच लिहून पुढे जाऊ नका.