पाटाच्या पाण्यातलं मीठ

श्रोतेहो, नमस्कार. भरभराटीची संस्कृती का लयाला गेली असं विचारलं, की आपल्याला आधी परचक्र आठवतं. सुमेरमधलं, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधलं, उर शहर इ.स.पू. २००४ च्या सुमारास पूर्वेकडच्या एलाम राज्याच्या सैन्याने लुटलं, हे खरंच. पण उरचं दुखणं समजून घ्यायचं तर आधी शेतात उतरावं लागतं.

टायग्रिस-युफ्रेटिसच्या दक्षिण खोऱ्यात वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. पाट खणले म्हणून धान्य पिकून उरलं, उरलं म्हणून कुंभार, विणकर, लेखनिक पोसले गेले. पण तेच पाणी मीठही आणतं. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असला तरी पाणी गोडच लागतं. हंगामात हेक्टरला ६०० मिलिमीटर पाणी दिलं, तर ते झालं ६० लाख लिटर. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात: ३,००० किलो!

निचरा असेल तर ते वाहून जातात. तिथली जमीन मात्र जवळजवळ सपाट. पाणी जास्त झालं की भूजल चढतं. ते दीड-दोन मीटरच्या आत आलं, की वातीत तेल चढावं तसं मातीतून वर येतं आणि शेतावर पांढरा पोपडा धरतो. गहू आधी मान टाकतो, जव अधिक खारटपणा सोसतो. दक्षिणेतल्या मातीच्या पाट्यांवर गव्हाच्या नोंदी घटत जातात त्या यामुळेच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

उपाय शेतकऱ्यांच्या हाती होता: एक वर्ष पीक, एक वर्ष पड. पड रानात जवासा हे काटेरी झुडूप माजतं. त्याची खोल मुळं भूजल ओढून खालचा थर कोरडा करतात, मग पुढच्या पाण्याबरोबर क्षार खाली धुऊन जातात. धान्याची मागणी वाढून पड मोडली, की हे चक्रच तुटतं.

शिवाय गाळ. तो दरवर्षी उपसायला माणसं लागतात, त्यांना जवाचा शिधा लागतो, आणि शिधा येतो प्रांतांकडून. उरचा शेवटचा राजा इब्बी-सिन गादीवर बसल्यावर थोड्याच वर्षांत एकेका प्रांताने कागदोपत्री त्याच्या नावच्या तारखा घालणं सोडलं, म्हणजे त्याची सत्ता मानणं सोडलं. तिथला कर थांबला. राजधानीत धान्य महागलं. माझ्या मते घाव इथे बसला, मीठ एकटं पुरेसं नव्हतं. कारण लुटीनंतरही उरमध्ये दीड हजार वर्षं माणसं राहिली, आणि युफ्रेटिसचं पात्र दूर सरकलं तेव्हा ती उठून गेली.