आजीची मोजणी

(दृश्य: संध्याकाळ. दांडिया बाजारातलं जुनं घर. माडीवरच्या खोलीत उजळलेली काचेची टाकी.)

बडोद्याला आमच्या घरी देवापाशी दिवा लागला की आजी टाकीसमोर स्टूल ओढून बसते आणि मासे मोजते. निऑन टेट्रा मोजणं सोपं नसतं. जेमतेम ३-४ सेंटिमीटरचा जीव, पाठीकडे निळी रेघ, शेपटीकडे लाल, आणि एका जागी घटकाभर ठरत नाही. पण आजीचा आकडा चुकत नाही. फेब्रुवारीत आम्ही १२ आणले होते.

होळीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अरे, ११च भरतात." चार दिवसांनी ९. गुढीपाडव्यापर्यंत ७.

मेलेला मासा कुठेच दिसला नाही. वर तरंगताना नाही, खडीत नाही, झाडांच्या बुडाशीही नाही.

टाकी ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच. साधारण १२० लिटर पाणी. त्यात निऑनखेरीज एक एंजल मासा, तीन सापासारखे लांबट कुहली लोच मासे, आणि पाणवनस्पतींबरोबर न बोलावता आलेल्या गोगलगायी.

(दृश्य: स्टँड भिंतीपासून सरकवला जातो.)

आईचा संशय शेजारच्या बोक्यावर होता. पण टाकीला झाकण आहे. फक्त मागे, वायर आणि नळी जाते तिथे, दोन बोटांची फट. आम्ही स्टँड सरकवला. भिंतीलगत धुळीत एक निऑन पडलेला होता, मिरचीच्या देठासारखा वाळून गेलेला. घाबरलेला मासा उडी मारतो, आणि नेमकी फटच गाठतो. मला फार वाईट वाटलं. दोन रुपयांच्या स्पंजने ती फट बुजली असती.

स्पंज लावला. मोजणी तरीही ६ वर आली.

मग पाण्याकडे वळलो. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या खोलीत पाणी २७-२८ अंशांवर असतं. एवढ्या कोमट पाण्यात रात्री मेलेला छोटा मासा सकाळपर्यंत मऊ पडतो, आणि गोगलगायी त्याचा फडशा पाडतात. म्हणजे मासा दिसला नाही, म्हणून तो मेलाच नाही असं म्हणता येत नाही. पण कुजणाऱ्या शरीरातून अमोनिया सुटतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जिवाणू कमी पडले, तर अमोनिया उरलेल्या माशांचे कल्ले जाळतो, आणि एकामागून एक मासे जायला लागतात. थेंब टाकून पाणी तपासलं. रंग पिवळाच राहिला, अमोनिया शून्य. उरलेले सहाही खायला धावत होते. आजार वाटत नव्हता.

(दृश्य: रात्र. लाल कागद गुंडाळलेली टॉर्च. टाकीचा दिवा बंद.)

राहिला एकच उपाय, जागरण. मी अंथरूण टाकीजवळ घातलं.

अंधारात निऑनची निळी रेघ विझते. हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. दिवसा झगमगणारा मासा रात्री राखाडी होतो आणि झाडापाशी जवळजवळ निपचित राहतो.

पहाटे खिडकी जरा उजळली. एंजल कोपऱ्यातून निघाला. घाई नाही, पाठलाग नाही. एका निऑनसमोर थांबला, आणि पुढच्या क्षणी त्याच्या तोंडातून शेपटी तेवढी बाहेर होती. मग तीही नाही.

मी आजीला उठवलं. ती बराच वेळ काचेपाशी उभी राहिली. म्हणाली, "त्याला काय बोलायचं? त्याचं ते जेवण."

खरंच आहे. एंजल ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. चपटं अंग आणि उभे काळे पट्टे घेऊन बुडालेल्या फांद्या-मुळांत लपून राहणारा, लहान मासे टिपणारा. तोंडात जे मावतं ते त्याचं खाद्य. आम्ही तो गेल्या उन्हाळ्यात आणला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता. दुकानदार म्हणाला होता, "बधा साथे रहेशे." म्हणजे सगळे एकत्र राहतील. त्या दिवशी, त्या मापाला, ते खरंही होतं. तेच वाक्य धरून आम्ही दहा महिन्यांनी तळहाताएवढ्या माशासमोर १२ निऑन सोडले.

(दृश्य: पाणी बादल्यांत उपसलं जातं. ओंडका उचलला जातो.)

रविवारी एंजलसाठी वेगळी टाकी मांडली. तो झाडांत शिरून हाती लागेना, म्हणून निम्मं पाणी काढलं, ओंडका उचलला.

कुहली लोच दिवाळीपासून एकच दिसायचा. उरलेले दोन गेले, असं समजून आजीने त्यांना मोजणंही सोडलं होतं. रात्री फिरणारा, वाळूत घुसून बसणारा मासा तो. ओंडक्याखालच्या खळग्यात पिवळे-काळे पट्टे एकमेकांत गुंतले होते.

आजी वाकली. "एक, दोन..." चष्मा पुसला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"तीन."